रॅम्प बांधून झाल्यावर उरलेलं काम

नमस्कार सर,

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. विद्यापीठाच्या समान संधी कक्षाची, म्हणजे दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणाऱ्या कक्षाची, जबाबदारी नुकतीच तुमच्याकडे आली आहे. मुख्य इमारत जुनी, दगडी, तीन मजली आणि लिफ्ट नाही. नॅकच्या, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, भेटीआधी दर्शनी बाजूला रॅम्प झाला, एका स्वच्छतागृहावर व्हीलचेअरचं चिन्हही लागलं. तरी व्हीलचेअर वापरणारी एक विद्यार्थिनी पहिल्याच सत्रात सोडून गेली, आणि एका अंध विद्यार्थ्याची परीक्षेबद्दल लेखी तक्रार आली. कुलसचिव विचारताहेत की आता आणखी काय बांधायचं. तुम्ही विचारताय की हाताशी थोडेच पैसे असताना पहिल्या वर्षी कुठून सुरुवात करायची.

एका विद्यापीठात मी अशाच कक्षाचं काम बरीच वर्षं पाहते आहे. त्या अनुभवावरून सांगते, की बांधकामाचा प्रश्न तुम्ही थोडा बाजूला ठेवा. एखादा विद्यार्थी अर्ज भरण्यापासून गुणपत्रक हातात पडेपर्यंत नेमका कुठे कुठे अडतो, हे तुमच्याकडे बहुधा कुणी बघितलेलंच नाही. ती मुलगी रॅम्पवरून आत आली, पण वर्ग दुसऱ्या मजल्यावर असेल तर त्या रॅम्पने तिला फक्त जिन्यापर्यंत आणून सोडलं. मधला एक टप्पा जरी तुटला तरी आधीच्या सगळ्या टप्प्यांवरचा खर्च तिच्यासाठी वाया जातो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुमची इमारत वारसा यादीत असेल तर भिंत फोडायला किंवा बाहेरून लिफ्ट बसवायला वेगळी परवानगी लागेल, आणि त्यात वेळ जाईल. परिसर डोंगरउतारावर असेल तर सपाट मैदानावरच्या विद्यापीठाचे उपाय जसेच्या तसे चालणार नाहीत. तुमच्याकडे कोणते विद्यार्थी आहेत यावरही क्रम ठरतो. कुलगुरू तुमच्या टिपणीवर सही करतात की फाइल महिनोन्महिने फिरते, यावर तर सगळ्यात जास्त. म्हणून मी क्रम सांगेन, पण तो तुमच्या परिसरावर ताडून पाहा.

पहिल्या पंधरवड्यातलं मुख्य काम एकच. दोन-तीन दिव्यांग विद्यार्थ्यांना विचारून, त्यांची तयारी असेल तर, त्यांच्याबरोबर अख्खा दिवस चाला. एसटी किंवा रिक्षातून उतरल्यापासून सुरुवात करा. फाटकाजवळ आडव्या लोखंडी नळ्यांची जाळी आहे का, ज्यात व्हीलचेअरचं पुढचं लहान चाक अडकतं? रॅम्पच्या पायथ्याशी दुचाक्या लागतात का? पिवळ्या स्पर्शफरशा घातल्या असतील तर त्या कुठे जातात तेही पाहा. लांब पट्ट्यांची फरशी म्हणजे 'सरळ चाला' आणि ठिपक्यांची म्हणजे 'थांबा, पुढे काहीतरी आहे'. कंत्राटदाराने दोन्ही सरमिसळ लावलेल्या मी इतक्या ठिकाणी पाहिल्या आहेत, की आता आधी तेच तपासते. विद्यार्थी बोलत असतील तेव्हा लिहून घ्या, मधे खुलासे देऊ नका. आणि या कामाचं मानधन द्या. ते तुमच्यासाठी तज्ज्ञाचं काम करताहेत.

आता त्या झालेल्या रॅम्पकडे वळू, कारण तो दिसतो म्हणून सगळे निर्धास्त असतात. चढ एकास बारापेक्षा तीव्र नको, म्हणजे एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबी हवी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची. तिला अठरा फूट लांबीचा उतार लागतो. जागा नाही म्हणून हाच उतार सात-आठ फुटांत बसवला की व्हीलचेअरवरची व्यक्ती स्वतःच्या हातांनी चढूच शकत नाही, आणि उतरताना पुढे कलंडण्याची भीती असते. टेप घेऊन जा आणि मोजा. दोन्ही बाजूंना कठडे आहेत का, वर आणि खाली खुर्ची थांबवण्याएवढी सपाट जागा आहे का, पृष्ठभाग खडबडीत आहे का, तेही बघा. गुळगुळीत ग्रॅनाइट पावसाळ्यात कुबड्या वापरणाऱ्यांसाठी फार धोक्याचा असतो.

स्वच्छतागृहाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे मुली गळतात आणि कारण कुणाला सांगत नाहीत. व्हीलचेअर वापरणाऱ्या कितीतरी मुली विद्यापीठात येण्याच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत. दिवसभर तहान मारायची, घरी जाऊन प्यायचं. यातून मूत्रमार्गाचे संसर्ग होतात, ताप येतो, हजेरी जाते, आणि कार्यालयात नोंद होते ती 'अनियमित' अशी. तुमच्याकडच्या त्या चिन्ह लावलेल्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे का? किल्ली कुणाकडे असते? आत झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या ठेवलेल्या आहेत का? शिपाईकाकांना शोधून, त्यांच्यापुढे आपली गरज सांगून किल्ली मागायची वेळ वीस वर्षांच्या मुलीवर आणणं चूक आहे. ते खुलं ठेवा आणि रोज स्वच्छ होईल अशी सोय करा.

दार मोजा: मोकळी रुंदी 900 मिलिमीटर हवी, आणि ते बाहेर उघडणारं किंवा सरकणारं हवं. आत कुणी पडलं आणि दार आत उघडणारं असेल तर पडलेल्या माणसामुळेच ते उघडत नाही. आत खुर्ची वळवायला साधारण दीड मीटर व्यासाची जागा, कमोडच्या एका बाजूला खुर्ची लावायला मोकळी जागा, भिंतीत पक्क्या बसवलेल्या आडव्या दांड्या आणि हात पोहोचेल असा जेट. वाटीसारख्या गोल मुठीची कडी नको, खाली दाबायची मूठ हवी. ज्यांच्या बोटांत ताकद नाही त्यांना गोल मूठ फिरवता येत नाही. यातलं बरंचसं काम किरकोळ दुरुस्तीच्या पैशांत होतं.

मग जिन्याचा प्रश्न. लिफ्टसाठी प्रस्ताव जरूर पाठवा, पण तोपर्यंत विद्यार्थ्याला थांबायला सांगू नका. वर्ग खाली आणा. याला एक रुपया लागत नाही, वेळापत्रक लागतं. प्रवेश निश्चित झाले की ज्या तुकडीत जिना न चढू शकणारा विद्यार्थी आहे तिचे सगळे तास तळमजल्यावर, असा आदेश वेळापत्रक तयार होण्याआधी निघाला पाहिजे. एकदा वेळापत्रक लागलं की प्रत्येक विभागप्रमुख आपली खोली धरून बसतो आणि मग त्या विद्यार्थ्याला स्वतः जाऊन विनंत्या कराव्या लागतात. बरोबरचे मित्र उचलून नेतात, हे ऐकून कृपा करून समाधान मानू नका. चौघांनी खुर्चीसकट जिन्यावरून नेणं धोक्याचं आहे, आणि ज्याला उचललं जातं त्याला दिवसातून चारदा कुणाच्या तरी सवडीवर राहावं लागतं. मित्र आजारी पडला की याची गैरहजेरी लागते.

प्रयोगशाळा मात्र सहज हलत नाहीत. तिथे तळमजल्यावरच्या एखाद्या प्रयोगशाळेत एक कमी उंचीचं, खालून पाय जातील असं टेबल, तिथपर्यंत पाणी आणि वीज, आणि त्या तुकडीचं प्रात्यक्षिक तिथे, एवढं जमवता येतं. रसायनशास्त्रात ते अवघड जातं, संगणकशास्त्रात सोपं. विभागासोबत बसूनच ठरवावं लागेल.

ग्रंथालय आणि शुल्क-खिडकी विसरू नका. पुस्तकं पहिल्या मजल्यावर असतील तर तळमजल्यावर एक काउंटर ठेवून पुस्तक खाली आणून देण्याची व्यवस्था पुरते. पण ती व्यवस्था लेखी हवी, कुणाच्या चांगुलपणावर नको.

आता अशा भागाकडे येते ज्यावर इमारत विभागाचा काही अधिकार नाही, आणि ज्याने माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त विद्यार्थी अडतात: मजकूर. आपल्याकडे विभागाची सूचना कशी पोहोचते? फलकावर कागद लागतो, त्याचा मोबाइलने फोटो काढला जातो आणि तो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर पडतो. अंध विद्यार्थ्याच्या फोनवरचा टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय, तिथे बहुतेक वेळा फक्त 'फोटो' एवढंच सांगतो. परीक्षा अर्जाची शेवटची तारीख त्या फोटोत असते. सूचना टंकून पाठवायची, फोटो हवा असेल तर खाली मजकूरही द्यायचा, हा नियम तुम्ही उद्यापासून लागू करू शकता.

मराठीत याच्या पुढचीही एक अडचण आहे, जी इंग्रजीतून लिहिलेल्या मार्गदर्शकांमध्ये सापडत नाही. आपल्या कार्यालयांत, छापखान्यांत आणि अनेक प्राध्यापकांच्या संगणकांत अजून श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे जुने फाँट चालू आहेत. डोळ्यांना ते मराठी दिसतं. संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, त्यांना फक्त मराठी आकार चढवलेले. स्क्रीन रीडर, म्हणजे संगणकावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, ती चिन्हंच वाचतो. मराठीत एमए करणाऱ्या अंध मुलीला तिच्याच भाषेतल्या नोट्स ऐकू येत नाहीत आणि इंग्रजी विभागातल्या मित्राला मात्र त्याच्या ऐकू येतात, हे मला दर वेळी फार लागतं.

तपासायची पद्धत सोपी आहे. फाइलमधला एक परिच्छेद निवडा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीच राहिलं तर ठीक. रोमन अक्षरांचा गोंधळ आला तर फाँट जुना आहे. तो मजकूर परिवर्तकाने (कन्व्हर्टरने) युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी म्हणूनच कळेल अशा रूपात, आणावा लागेल आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घालावी लागतील. काहीच निवडता आलं नाही तर ती स्कॅन केलेली पानं आहेत, म्हणजे ओसीआर करावं लागेल, चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवावा लागेल. देवनागरीसाठी ओसीआर आता बरं चालतं, पण जुनी छपाई आणि फिकट झेरॉक्स असेल तर चुका राहतात आणि तपासणीला माणूस लागतो. आणखी एक: युनिकोडमध्ये टंकलेली फाइलसुद्धा पीडीएफ केल्यावर कधीकधी वेलांट्या आणि रफार जागा बदलतात. म्हणून पीडीएफसोबत मूळ वर्ड फाइल देण्याची सवय लावा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य आहे, मराठी वाचतो. ग्रंथालयातल्या एक-दोन नाही, सगळ्या संगणकांवर टाका.

ग्रंथपाल इथे स्वामित्वहक्काची शंका काढतील. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात दिव्यांग व्यक्तींसाठी, नफा न घेता, पुस्तकाची वाचता येईल अशी प्रत करण्याला स्पष्ट मुभा आहे. प्रत त्यांच्यापुरतीच राहील याची काळजी घ्यायची. दृष्टिबाधितांच्या पुस्तकांसाठीच्या मराकेश कराराला 2014 मध्ये सर्वांत आधी मान्यता दिली ती भारताने. त्यामुळे कायद्याच्या भीतीने कुणाचं पुस्तक अडवायचं कारण नाही. सुगम्य पुस्तकालय या दृष्टिबाधितांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयाचं सभासदत्व घ्या, आणि मुंबईत झेवियर्स महाविद्यालयात 2003 पासून दृष्टिबाधितांसाठी जे संसाधन केंद्र चालतं तिथे ग्रंथपालांना एकदा पाठवा. प्रत्यक्ष काम चाललेलं पाहिलं की शंका लवकर फिटतात.

तुमच्याकडे आलेली परीक्षेची तक्रार नेमकी काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक तक्रारी ठरावीक जागी असतात. अशा विद्यार्थ्यांना मिळणारा भरपाईचा, म्हणजे जादा, वेळ दर तासाला किमान वीस मिनिटं आहे. तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. आता वेळापत्रक बघा. सकाळचा पेपर दहा ते एक आणि दुपारचा दोन ते पाच असेल, तर या विद्यार्थ्याचा पहिला पेपर दोनला संपतो आणि दुसरा दोनलाच सुरू होतो. जेवण नाही, स्वच्छतागृह नाही, आणि दुसरा पेपर सहाला सुटल्यावर गावाची शेवटची एसटी गेलेली. परीक्षा विभागाला हे कागदावर दाखवा. बहुतेकदा ते मुद्दाम केलेलं नसतं, कुणी गणित मांडलेलं नसतं एवढंच.

दुसरी जागा म्हणजे लेखनिक, विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहून देणारा. विद्यार्थ्याने स्वतः शोधून आणायचा, मग त्याची कागदपत्रं परीक्षेच्या आदल्या दिवशी तपासायची, आणि ऐनवेळी 'याचं शिक्षण जास्त आहे' म्हणून नाकारायचा, असं चालतं. लेखनिकांची यादी विद्यापीठाने स्वतः ठेवावी. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी मिळतात, पण त्यांना दोन तासांचं प्रशिक्षण द्या: प्रश्न स्पष्ट वाचणं, सांगितलं तेवढंच लिहिणं, मनाने दुरुस्त्या न करणं. अर्थशास्त्राच्या पेपरला आलेख आणि संस्कृतच्या पेपरला अवग्रह वाचता येईल असा लेखनिक हवा. आकृतीच्या प्रश्नाला अंध विद्यार्थ्यासाठी पर्यायी प्रश्न हवा, आणि तो प्रश्नपत्रिका काढतानाच ठरायला हवा. पर्यवेक्षकाने खोलीत उभ्या उभ्या ठरवायचा नसतो. परीक्षा केंद्र भलत्याच महाविद्यालयात आलं तर तिथला मजला आणि स्वच्छतागृह आधी जाऊन पाहा. आपल्या परिसरात केलेलं सगळं काम त्या दिवशी त्याच्या उपयोगाचं नसतं.

इथेच कायद्याचा एक मुद्दा, कारण खिडकीवर विद्यार्थी याच्यावरून परत पाठवले जातात. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. 1995 च्या कायद्यात सातच होते. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत, आणि त्या आरक्षणासाठी 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. पण वाजवी सोयी मिळण्यासाठी 40 टक्क्यांची अट नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात, विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये हेच स्पष्ट केलं. त्या निकालाची प्रत परीक्षा विभागाच्या फाइलला लावून ठेवा. इमारतींबद्दल बोलायचं तर जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी कायद्याने दिलेली पाच वर्षांची मुदत 2022 मध्येच सरली. आणि राजीव रतुरी प्रकरणात नोव्हेंबर 2024 मध्ये न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे मानक नुसते शिफारसवजा ठेवून चालणार नाही, बंधनकारक किमान नियम हवेत. कुलसचिवांपुढे टिपणी ठेवताना हे दोन-तीन संदर्भ कामाला येतात. मी मात्र आधी विद्यार्थ्याची अडचण लिहिते आणि कायदा शेवटी. उलट क्रमाने लिहिलं की फाइल विधी सल्लागाराकडे जाते आणि तिथेच बसते.

न दिसणाऱ्या दिव्यांगत्वाचा तुमच्या प्रश्नात उल्लेख नाही, म्हणून आवर्जून लिहिते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार त्या 21 प्रकारांमध्ये आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडून येणारे विद्यार्थी तुमच्याकडे असतील तर काहींना तो असणार. वेदनेचा झटका आला की आठवडाभर अंथरुणात, आणि मग 75 टक्के हजेरीच्या नियमात नाव अडकतं. थंडी, श्रम आणि अंगात पाणी कमी होणं यांनी झटका येऊ शकतो. त्यामुळे वसतिगृहात पिण्याचं पाणी जवळ असणं हीसुद्धा सोयच आहे. हजेरीतली सवलत, चुकलेल्या अंतर्गत चाचणीला दुसरी संधी, एवढं विद्या परिषदेकडून मंजूर करून घ्या. मानसिक आजार असलेल्यांनाही याचाच आधार होतो. आणि निदान गुप्त राहील हे पाहा. शिक्षकाला 'या विद्यार्थ्याला अमुक सोय द्या' एवढंच कळावं. आजाराचं नाव वर्गापर्यंत जायला नको.

कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी पूर्ण उपाय सांकेतिक भाषेचा दुभाषी हाच आहे, आणि प्रशिक्षित दुभाषी जिल्ह्याच्या ठिकाणी मिळणं आज कठीण आहे, हे मान्य करूनच पुढे जावं लागतं. जे विद्यार्थी ओठ वाचतात किंवा श्रवणयंत्र वापरतात त्यांना शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून बोलू नये, तासाआधी टिपणं द्यावीत, आणि फोनवर बोलणं लिहून दाखवणारं अ‍ॅप वापरू द्यावं, याने बराच फरक पडतो. मराठीतही ते चालतं, मागच्या बाकावरून मात्र नीट ऐकत नाही. फोनबंदीचा नियम असेल तर त्यांना लेखी सूट द्या.

कक्षाच्या ताकदीबद्दल. तुमच्या पत्रांवर 'विनंती' असेल तर कामं होतील तेव्हा होतील. कुलगुरूंकडून एक परिपत्रक काढून घ्या: प्रवेश अर्जातच गरजांचा रकाना, त्याची यादी ठरावीक तारखेपर्यंत कक्षाकडे, कक्षाकडून वेळापत्रक समिती आणि परीक्षा विभागाकडे, आणि सोय नाकारायची असेल तर लेखी कारण. हे शेवटचं वाक्य त्यात असू द्याच. तोंडी नकार खूप मिळतात, लेखी नकार द्यायला सहसा कुणी धजावत नाही. आणि 3 डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, विद्यार्थ्यांना मंचावर बसवून पुष्पगुच्छ देण्याऐवजी त्या दिवशी कुलगुरूंसमोर त्यांच्याबरोबर खुली बैठक ठेवा.

सुरुवातीचा क्रम म्हणाल तर: स्वच्छतागृहाचं कुलूप आणि टंकलेल्या सूचना याच आठवड्यात, तळमजल्यावरचे वर्ग पुढच्या वेळापत्रकात, लेखनिकांची यादी आणि पेपरांमधलं अंतर परीक्षा अर्ज निघण्याआधी. रॅम्पची दुरुस्ती आणि लिफ्ट यांसाठी इमारत विभाग वार्षिक अंदाजपत्रक केव्हा पाठवतो ते आजच विचारून घ्या, कारण ती तारीख चुकली की वर्ष जातं. शिवाय कुठल्याही कामासाठी फरशी उखडली जाणार असेल, केबलसाठी असो वा गटारासाठी, तर परत बसवताना उंबरठे आणि पायऱ्या काढण्याची अट निविदेतच घालायला सांगा. वेगळा निधी न मागता माझ्याकडे सगळ्यात जास्त काम असंच झालं.

पुढच्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत एक पान मागून घ्या. कोणत्या इमारतीत पायरीशिवाय जाता येतं, कुठे अजून जाता येत नाही, उघडं स्वच्छतागृह कुठे आहे, आणि प्रवेशाआधी कुणाला फोन करायचा, एवढंच खरंखरं लिहा. जी मुलं बारावीनंतर 'तिथे आपल्याला जमणार नाही' असं घरीच ठरवून अर्जच भरत नाहीत, त्यांच्या आईवडिलांच्या हातात ते पान पडायला हवं. ते युनिकोडमध्ये असू द्या.